घरातील 'औषधे' आणि विषे

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत 'औषध' हा शब्द दोन टोकांच्या वस्तूंसाठी वापरला जातो. तापावरची गोळी हे औषध, आणि उसावर फवारायचे कीटकनाशक हेही औषधच. कृषी सेवा केंद्रातून येते ते कांद्याचे औषध, तणाचे औषध, उंदराचे औषध. किराणा दुकानातून येते ते ढेकणाचे औषध. कोणते औषध पोटात घ्यायचे आणि कोणते नाही, हे घरातल्या जाणत्या माणसाला बोलण्याच्या ओघात कळते. रांगत्या मुलाला, नजर अधू झालेल्या आजीला किंवा रात्री तहान लागून उठलेल्या पाहुण्याला ते कळेलच असे नाही. घरातले विषबाधेचे अपघात बहुधा अशी ओळख हुकल्यामुळे होतात. बाटली बदललेली असते, लेबल गळून गेलेले असते, नाहीतर रोजच्या वापरातली वस्तू विषारी आहे हेच कुणाच्या ध्यानात नसते.

या दोन तालुक्यांतल्या घरांत विषारी वस्तू जास्त असण्याला कारणे आहेत. भीमा आणि घोड या नद्या, चिंचणीचे घोड धरण, चासकमानचा कालवा आणि खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा यांच्या पाण्यावर येथे ऊस, कांदा, डाळिंब आणि भाजीपाला पिकतो. बागायती शेतीबरोबर कीटकनाशके, बुरशीनाशके आणि तणनाशके येतात आणि ती शेतात न राहता घरी येऊन राहतात. शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि सणसवाडी, तर दौंड तालुक्यात कुरकुंभ अशा औद्योगिक वसाहती आहेत. तिथून निघालेली रिकामी पिंपे आसपासच्या घरांत पाणी भरायला येतात. ऊसतोडणीच्या हंगामात शेकडो कुटुंबे कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, उतरतात. कोपीला ना कपाट असते ना कुलूप.

विष कशाला म्हणायचे

शरीरात गेल्यावर ठरावीक मात्रेत इजा करणारा पदार्थ म्हणजे विष. यात 'मात्रा' हा शब्द महत्त्वाचा. मीठ अन्नाला चव देते, पण तान्ह्या बाळाला चमचे भरून मीठ दिले तर ते दगावू शकते. सोळाव्या शतकातला युरोपीय वैद्य पॅरासेल्सस याने हाच विचार मांडला होता. मराठीत त्यासाठी 'अति तेथे माती' पुरेसे आहे. मात्रा वजनाच्या प्रमाणात मोजली जाते, त्यामुळे साठ किलोच्या माणसाला जेमतेम जाणवणारी मात्रा दहा किलोच्या मुलाला सहापट भारी पडते.

विष शरीरात चार वाटांनी शिरते: तोंड, श्वास, त्वचा आणि डोळे. गिळलेले विष सर्वांना ठाऊक असते. त्वचेची वाट मात्र दुर्लक्षिली जाते, आणि शेतकरी घरांत तीच सर्वांत जास्त वापरात असते. हातावर सांडलेले, पाठीवरच्या पंपातून गळून सदऱ्यात मुरलेले औषध तासन्‌तास अंगात झिरपत राहते.

डब्यावरचा चौकोन

भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. तो मधोमध दोन त्रिकोणांत विभागलेला असतो. खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो आणि वरच्या त्रिकोणात इशारा असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी; त्याच्या वर कवटी आणि हाडांचे चिन्ह असते. पिवळा म्हणजे खूप विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य.

हे रंग प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरील चाचण्यांवरून ठरतात. पोटात दिल्यावर निम्मे प्राणी दगावतात ती मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे 50 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, 51 ते 500 असेल तर पिवळा, 501 ते 5000 असेल तर निळा आणि त्याहून जास्त असेल तर हिरवा. आकडा जितका लहान, तितके विष जहाल.

या व्यवस्थेमागे एक दुर्घटना आहे. 1958 मध्ये केरळ आणि मद्रास भागात पॅराथिऑन हे कीटकनाशक आणि खाद्यपदार्थ एकाच वाहतुकीत आले. पिंपांतून गळलेले औषध पिठात व साखरेत मिसळले आणि शंभराहून अधिक माणसे मरण पावली. त्यानंतरच्या चौकशीतून पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा झाला आणि 1971 च्या नियमांनी हा रंगीत चौकोन सक्तीचा केला. दौंडच्या बाजारातून एकाच पिशवीत साखर आणि फवारणीची बाटली आणणे म्हणजे 1958 ची तीच चूक लहान प्रमाणात करणे होय.

रंगावर विसंबताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. हिरव्या त्रिकोणाचे औषधही पिण्याजोगे नसते. दुसरे म्हणजे, रंग फक्त मात्रा सांगतो, उपाय आहे की नाही हे सांगत नाही. पॅराक्वाट हे तणनाशक पिवळ्या गटात येते. पण ते पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही आणि फुप्फुसे काही दिवसांत निकामी होत जातात. उताऱ्याची माहिती बाटलीबरोबरच्या घडीपत्रिकेत मराठीतही छापलेली असते. खोके उघडताच फेकला जाणारा तो पातळ कागद खरे तर बाटलीइतकाच जपायला हवा.

फवारणीची औषधे

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे या भागातल्या शेतकऱ्यांच्या ओळखीची आहेत. नसांकडून स्नायूंना व ग्रंथींना मिळणारा संदेश पोहोचल्यावर तो पुसून टाकण्याचे काम शरीरातले एक विकर करते. ही औषधे त्या विकराला बांधून ठेवतात, म्हणून संदेश पुसला जात नाही आणि शरीर सुटत जाते. घाम, लाळ आणि डोळ्यांतून पाणी वाहते, उलट्या-जुलाब होतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत कफ घरघरतो, दंडाचे स्नायू फडफडतात. फवारणीहून आलेल्या माणसाला 'ऊन लागले' असे वाटून सावलीत झोपवले जाते. ऊन लागलेल्या माणसाची लाळ गळत नाही आणि बाहुल्या एवढ्या बारीक होत नाहीत. या दोन खुणांवरून फरक कळतो.

यावरचा उतारा अॅट्रोपीन हा आहे. हे द्रव्य निसर्गात धोतऱ्यात सापडते. ओढ्याकाठी आणि उकिरड्यावर वाढणारा हाच धोतरा मुलांनी खाल्ला तर उलट चित्र दिसते: तोंड कोरडे, अंग तापलेले, बाहुल्या मोठ्या आणि रुग्ण बरळतो. एक विष दुसऱ्याचा उतारा ठरते ते डॉक्टरांनी मोजून, नाडी आणि छाती तपासत, शिरेतून दिले म्हणून. घरी धोतऱ्याचा काढा पाजल्याने एका विषात दुसऱ्याची भर पडते.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. उंच वाढलेले पीक, दमट हवा, औषधांची मिश्रणे आणि उघडे अंग अशी कारणे तेव्हा पुढे आली. या गोष्टी एकट्या यवतमाळच्या नाहीत. उभ्या उसात फवारणी करताना पाने छातीपर्यंत किंवा त्याहूनही वर असतात आणि फवारा अंगावरच परततो.

फवारणीचे सुरक्षित नियम साधे आहेत. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, तोंडावर मुखपट्टी आणि डोळ्यांना चष्मा असावा. वाऱ्याकडे पाठ करून फवारावे. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये, तारेने किंवा जुन्या टूथब्रशने साफ करावे. औषध ढवळायला काठी वापरावी आणि तीच काठी कायम त्या कामाला ठेवावी. उसाचे बेणे औषधाच्या द्रावणात बुडवतानाही हातमोजे घालावेत, कारण त्या वेळी हात अर्धा तास द्रावणातच असतात. मोजमापाला स्वयंपाकघरातला पेला नेऊ नये. काम झाल्यावर साबणाने आंघोळ करून मगच तंबाखू, विडी किंवा जेवण. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात, विशेषतः बाळाच्या दुपट्यांबरोबर, टाकू नयेत.

धान्यातल्या गोळ्या आणि उंदराचे औषध

गव्हाच्या आणि बाजरीच्या कोठीत किडे लागू नयेत म्हणून टाकल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या राखाडी गोळ्या घरातल्या सर्वांत घातक वस्तूंपैकी आहेत. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होताच त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू निघतो. त्याला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास असतो, पण कमी प्रमाणात तो जाणवेलच असे नाही. या वायूवर उतारा नाही. या गोळ्यांची विक्री सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रकांपुरती मर्यादित आहे. तरीही त्या घरोघर पोहोचतात आणि माणसे झोपतात त्याच खोलीतल्या कोठीत टाकल्या जातात. दारे-खिडक्या लावून झोपलेल्या कुटुंबातली मुले रात्रीतून दगावल्याच्या घटना देशभर घडल्या आहेत. राहत्या घरात या गोळ्या वापरूच नयेत. अशी गोळी टाकलेली कोठी घरात असल्याचे लक्षात आले, तर सर्वांनी आधी बाहेर पडावे आणि कोठी हात न लावता तशीच राहू द्यावी.

पारद टिकडीही धान्यात टाकली जाते. तिच्यात पारा असतो आणि दळणाआधी धान्य निवडताना ती हाताला लागेलच अशी खात्री नसते. या सर्वांना पर्याय जुनाच आहे: कडक उन्हात वाळवलेले धान्य, कोरडी आणि घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी, कडुनिंबाचा पाला, डाळी-कडधान्यांना एरंडेलाचा हात. धान्यात ओल राहिली नाही तर किडीला वाव राहत नाही.

ऊसपट्ट्यात उंदीर-घुशी फार, म्हणून त्यांची औषधेही फार. काळी भुकटी म्हणजे झिंक फॉस्फाइड. ती पोटातल्या आम्लाशी मिळून तोच फॉस्फीन वायू सोडते. ती भाजलेल्या धान्यात गूळ आणि तेल लावून मिसळली जाते, त्यामुळे तिचे आमिष मुलांच्या खाऊसारखे दिसते. रंगीत वड्यांमध्ये रक्त गोठू न देणारी द्रव्ये असतात. त्यांचा परिणाम दोन-तीन दिवसांनी हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येऊन दिसू लागतो. ट्यूबमध्ये मिळणाऱ्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. तो पोटात गेल्यावर पहिल्या दिवशी मळमळ होते, मग रुग्णाला बरे वाटते आणि नातेवाईक त्याला घरी नेतात. त्यानंतर यकृत निकामी होऊन कावीळ दिसू लागते. मधला बरा वाटण्याचा काळ फसवा असतो. ही ट्यूब टूथपेस्टसारखी दिसते, म्हणून मोरीच्या कोनाड्यात दातांच्या ब्रशशेजारी ती कधीही ठेवू नये.

मोरी, संडास आणि टाकी

संडास धुण्याच्या अॅसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ब्लीचिंग पावडर किंवा कपडे पांढरे करण्याचे द्रव वेगळ्या वर्गातले असतात. डाग निघत नाही म्हणून दोन्ही एकत्र ओतले की हिरवट पिवळा क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने बंद संडासात खाली साचतो आणि खाली वाकून घासणाऱ्याच्या नाकातच जातो. डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते, छाती आवळते. अशा वेळी पाणी ओतत तिथेच थांबू नये. ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि दार उघडे टाकावे. एका वेळी एकच रसायन, हा संडास धुण्याचा पहिला नियम.

आम्ल किंवा कॉस्टिक सोडा पोटात गेला तर तोंडापासून जठरापर्यंत भाजते. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत सुटे अॅसिड भरून आणण्याची सवय या अपघातांच्या मुळाशी आहे.

संडासाची टाकी आणि गोबरगॅसचा खड्डा यांत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की तो नाकच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. टाकीत माणूस उतरवून सफाई करून घेण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. उपसा यंत्रानेच करावा.

स्वयंपाकघर, देवघर आणि ट्रंक

रॉकेल आता कमी झाले, तरी बंबाला, रंगाला किंवा मशागतीच्या अवजारांना लागते म्हणून घरात डिझेल किंवा टर्पेंटाइन असतेच. ही द्रवे पोटापेक्षा फुप्फुसांना घातक असतात. पिताना ठसका लागला किंवा नंतर उलटी झाली की ती श्वासनलिकेत जातात आणि न्यूमोनिया होतो. म्हणूनच रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवणे जीवावर बेतू शकते.

पाण्यात कालवलेला चुना डोळ्याला विशेष घातक आहे. तंबाखूबरोबर मिळणाऱ्या चुन्याच्या पुड्या आणि ट्यूब मुले दाबून पाहतात, ती फुटून चुना डोळ्यात उडतो. चुना अल्कधर्मी असल्याने बुबुळात खोल शिरत जातो. तात्काळ वाहत्या पाण्याने पंधरा ते वीस मिनिटे पापण्या उघडून डोळा धुणे हाच दृष्टी वाचवणारा उपाय. आधी कापूस, काजळ किंवा तूप शोधण्यात गेलेला वेळ भरून येत नाही.

देवघरातल्या कापराच्या वड्या साखरेच्या खड्यांसारख्या दिसतात. एक ग्रॅमहून कमी कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात. शेंदूर हे शिशाचे संयुग आहे. शिसे शरीरात साठत जाते आणि मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते. गायकाचा आवाज घालवण्यासाठी त्याला शेंदूर खाऊ घातल्याच्या कहाण्या मराठी संगीतविश्वात जुन्या आहेत. कहाणी खरी असो वा रचलेली, शेंदूर विषारी आहे हे लोकांना पूर्वीपासून माहीत होते, एवढे त्यातून दिसते. म्हसोबाला शेंदूर लावून झाल्यावर हात धुऊनच प्रसाद वाटावा. जुन्या दारा-खिडक्यांच्या तेलरंगातही शिसे असते. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम 2016 मध्ये झाला आणि तो 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा खरवडू नये. पाणी मारून ओला करूनच काढावा आणि तोवर मुलांना दूर ठेवावे.

ट्रंकेतल्या डांबरगोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. जन्मतः जी-6-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांमध्ये नॅफ्थलीनमुळे तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होते. जुनी दुपटी, झबली आणि गोधड्या डांबरगोळ्यांतून काढून थेट बाळाला गुंडाळल्या की हा धोका संभवतो. बाळंतिणीसाठी काढलेले कपडे आधी धुऊन दोन दिवस उन्हात टाकावेत.

पितळी भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते, म्हणजे आंबटामुळे तांब्याचे क्षार अन्नात उतरतात आणि उलट्या होतात. कथलाच्या कल्हईचा थर याच्या आड येतो. कल्हई उडालेले पातेले पाणी तापवायला चालते, आंबट शिजवायला नाही.

धुराचा आणि वासाचा पत्ता नसलेले विष म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. थंडीत बंद खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी आणि न्हाणीघरात बसवलेला गॅस गिझर ही त्याची दोन ठिकाणे. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला तसा पहारेकरी नाही. डोके दुखणे, गरगरणे आणि एकाच खोलीतल्या सर्वांना एकाच वेळी मळमळ होणे ही त्याची खूण. गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवावा आणि शेगडी झोपण्यापूर्वी अंगणात न्यावी.

गोळ्यांचा डबा आणि कुंपण

गरोदरपणात आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्या साखरी गोळ्यांसारख्या चकाकतात. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असते. दर किलो वजनामागे 60 मिलिग्रॅम लोह पोटात जाणे ही गंभीर विषबाधा मानली जाते. दहा किलोच्या मुलाच्या बाबतीत हा हिशेब दहा गोळ्यांवर, म्हणजे एका पाकिटावर येतो. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या तर एक-दोनही पुरतात. आजीच्या उशाखालची गोळ्यांची पिशवी म्हणूनच रॉकेलच्या डब्याइतकी जपावी लागते. औषध 'गोळी-चॉकलेट' म्हणून मुलाला देण्याची सवय इथेच महाग पडते.

कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात आणि शाळकरी मुले त्या गटाने खातात. मग एकाच वेळी अनेकांना उलट्या-जुलाब सुरू होतात. एरंडाच्या बिया, गुंजा, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी आणि धोतरा ही अंगणातली इतर विषारी झाडे. यांपैकी बिट्टीचे बी हृदयाचे ठोके बिघडवते, म्हणून तिला सर्वांत गंभीर मानावे.

कारखान्यांतून भंगारात आलेली निळी पिंपे स्वस्त आणि मजबूत असतात. त्यात आधी काय होते हे लेबलावरून कळत नसेल तर कितीही धुतले तरी पिण्याचे पाणी, धान्य किंवा जनावरांचे पेंड त्यात भरू नये. काही रसायने प्लॅस्टिकमध्येच मुरतात आणि नंतर पाण्यात उतरत राहतात.

विषबाधा झाल्यास

पहिल्या काही मिनिटांत काय करायचे याचा क्रम ठरलेला असावा. रुग्णाला विषापासून दूर, मोकळ्या हवेत आणावे. त्वचेवर औषध सांडले असेल तर कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधावी. डोळ्यात गेले असेल तर पंधरा-वीस मिनिटे पाणी सोडावे. रुग्ण बेशुद्ध असेल आणि श्वास चालू असेल तर त्याला डाव्या कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी झाली तरी ती घशात अडकत नाही.

उलटी करवू नये. मिठाचे पाणी, तूप, ताक, एरंडेल, कोळशाची पूड यांपैकी काहीही पाजू नये. तेल-तुपात मिसळणारी विषे त्यामुळे उलट लवकर शोषली जातात आणि मिठाचे पाणी स्वतःच इजा करते. बाटली, गोळ्यांचे पाकीट, घडीपत्रिका किंवा उलटीत आलेल्या बियांचा नमुना सोबत न्यावा. किती वाजता, किती आणि कोणत्या वाटेने, एवढी तीन उत्तरे डॉक्टरांना लागतात.

रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक राज्यात 2014 पासून चालू आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा निःशुल्क क्रमांक रात्री-बेरात्रीही मदत देतो. शिरूर आणि दौंड ही दोन्ही गावे पुण्याहून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहेत. थेट पुण्याचा रस्ता धरण्यापेक्षा जवळच्या सरकारी रुग्णालयात पहिला उपचार सुरू करून मग पुढे नेणे शहाणपणाचे असते, कारण अॅट्रोपीनसारख्या उताऱ्याला होणारा उशीर जीवघेणा ठरतो. पोलीस केस होईल या भीतीने घटना लपवली जाते. परंतु तातडीच्या रुग्णावर उपचार करणे हे डॉक्टरांचे पहिले कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केले आहे. विष जाणूनबुजून घेतले असेल तरी उपचार तेच असतात. अशा मनःस्थितीतल्या माणसासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत उपलब्ध आहे.

साठवण आणि विल्हेवाट

साठवणीचे चार नियम पुरतात. मूळ बाटलीतच ठेवणे; लेबल न फाडणे; अन्न, चारा आणि पाणी यांपासून लांब ठेवणे; आणि कुलूप लावणे. गोठ्याच्या भिंतीला मुलांच्या हाताच्या वर अडकवलेली कुलूपबंद लोखंडी पेटी हे काम स्वस्तात करते. कोपीत राहणाऱ्या कुटुंबाला कडीकोयंड्याची पत्र्याची ट्रंकही चालते. गरजेपुरतेच औषध विकत घेणे हा पाचवा आणि पैसे वाचवणारा नियम.

रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे, म्हणजे औषध वायाही जात नाही आणि ओढ्यातही जात नाही. मग बाटलीला भोके पाडावीत, म्हणजे तीत कुणी तेल किंवा पाणी भरणार नाही. ती जाळू नये, कारण विषारी धूर होतो. पंप घोड, भीमा किंवा कालव्यात धुऊ नये. कालव्याचे पाणी पुढे कुणाच्या तरी हंड्यात जाते. थर्मामीटर किंवा ट्यूबलाइट फुटल्यास खिडक्या उघडाव्यात, केरसुणी फिरवू नये. पाऱ्याचे थेंब जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवावेत.

2016 च्या घनकचरा नियमांत कीटकनाशकांचे डबे, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधे, बॅटऱ्या, ट्यूबलाइट आणि वापरलेल्या सुया यांचा 'घरगुती घातक कचरा' असा वेगळा वर्ग केलेला होता आणि तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता स्वतंत्र देण्यास सांगितले होते. कारखान्यांच्या घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारा सामाईक प्रकल्प शिरूर तालुक्यातच, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे. घरातला असा कचरा मात्र तिथवर आपोआप पोहोचत नाही. तो नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या घंटागाडीकडे वेगळ्या पिशवीत, वर ठळक अक्षरांत 'विष' असे लिहूनच द्यावा लागतो.